मोळीचं उदाहरण

सुजाता, तुझ्या शोकसभेत एका वक्त्यानं तुझं गणित तुझ्यावरच लावून दाखवलं. "मॅडम आम्हाला शिकवायच्या, कुठल्या वाटेनं गेलात त्याला महत्त्व नाही. निघालात कुठून आणि पोचलात कुठे, एवढंच बघायचं. आयुष्याचंही तसंच असतं," असं तो म्हणाला आणि सभागृहात बऱ्याच माना हलल्या. मी पहिल्या रांगेत होते. सवयीनं डावीकडे वळले, कारण अशा वेळी तू माझ्या डाव्या बाजूला असायचीस आणि ओठ फारसे न हलवता बोलायचीस. "क्षेत्र कुठलं ते विचार त्याला," असं तू म्हणाली असतीस. "ग्रेडियंट आहे का ते तपासलं का म्हणावं."

डाव्या खुर्चीवर तुझी आई बसली होती. तिनं माझा हात धरून ठेवला होता. मी वळले तशी ती हळूच म्हणाली, "लई लांबलं, न्हाई का?" मला हसू आलं. सभांमध्ये हसू आवरायचा सराव आपल्या दोघींना पुष्कळ होता, तो कामी आला.

गणितातून आयुष्याचे धडे काढलेले तुला खपत नसत. स्नेहसंमेलनात कुणीतरी 'शून्य म्हणजे वैराग्य' असं काही बोलायला लागलं की तू पर्स उघडून चष्मा पुसायला घ्यायचीस. म्हणून मीही धडा काढणार नाही. आपला एक वाद अर्धा राहिला आहे, त्याचं पुढं काय झालं ते तुला सांगायचं आहे. तू गेल्यावर जे घडलं ते तुला माहीत नाही, आणि मला ते इतर कुणाला सांगून समाधान होत नाही.

वाद पुस्तकाचा होता. तू कॉलेजात गणित शिकवायचीस, मी भौतिकशास्त्र, आणि बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला एक विषय दोघींच्या वाट्याला यायचा. सदिश कलन. मुलं त्याला नुसतं 'व्हेक्टर' म्हणायची आणि घाबरायची. जामखेड, कर्जत, पाथर्डीकडून आलेली मुलं. शाळा सगळी मराठीतून झालेली. इंग्रजी पुस्तकातली गणितं ती पाठ करून यायची आणि आकडे बदलले की अडायची. एकदा पेपर तपासता तपासता तू चष्मा काढून ठेवलास आणि म्हणालीस, "नीला, आपण लिहू या मराठीत."

"छापणार कोण?"

"आधी लिहू तर."

तिथपासून आपले रविवार तुझ्या सावेडीतल्या फ्लॅटमध्ये जायला लागले. तू, मी, आणि हॉलमध्ये काहीतरी निवडत बसलेली तुझी आई. मी तिला मावशी म्हणायचे, ती मला नीलाबाई. पुस्तकाचं पहिलं पान होण्याआधीच आपण शब्दांवरून भांडलो. 'ग्रेडियंट'ला शासकीय शब्द 'प्रवणता'. तो तुला जड वाटला. तुला साधा 'चढ' हवा होता. मी म्हणाले, परीक्षेत मुलं चढ लिहून आली तर मार्क कोण देईल? शेवटी 'ग्रेडियंट'च ठेवला. तेवढा एक मुद्दा मी जिंकले. बाकी बहुतेक सगळे तूच जिंकलीस, आणि त्यातला एक तर मी आयुष्यभर कबूल करेन.

ज्या प्रकरणावरून आपलं बिनसलं ते कार्याचं. बल लावून वस्तू एका जागेवरून दुसरीकडे नेली की जे मोजतात ते कार्य. बलाचं क्षेत्र एखाद्या राशीच्या चढातून आलेलं असेल, जसं गुरुत्वाकर्षणाचं उंचीमुळे असतं, तर दोन टोकांमध्ये कुठल्याही वाटेनं गेलं तरी कार्य तेवढंच येतं. शेवटाच्या किमतीतून सुरुवातीची किंमत वजा केली की झालं. माझं म्हणणं, हे सूत्र आधी द्यावं आणि मग गणितं. तुझं म्हणणं, सूत्र शेवटी. "आधी त्यांना वाटा चालू दे," म्हणालीस.

मला पटेना, तेव्हा तू मला तुझ्या तासाला बोलावलंस. मी मागच्या बाकावर बसले. तू फळ्यावर एक बल लिहिलंस, आडव्या दिशेला दोन एक्स-वाय आणि उभ्या दिशेला एक्सचा वर्ग. शून्य-शून्यपासून एक-एकपर्यंत जायचं. वर्गाचे तीन भाग केलेस. पहिल्यांनी सरळ रेषेवरून जायचं, दुसऱ्यांनी पॅराबोलावरून, तिसऱ्यांनी आधी आडवं आणि मग उभं. मुलं वह्यांवर वाकली. तू खिडकीशी उभी राहून बाहेर बघत होतीस, आणि मी घड्याळाकडे. मग पहिल्या भागातून आवाज आला, "एक." दुसऱ्या भागातून जरा चाचरत, "मॅडम, आमचंपण एक आलं." तिसऱ्यांचंही एक. एका मुलाचं चार-तृतीयांश आलं होतं, तर त्याच्या शेजारचाच म्हणाला, "तुझं चुकलंय, परत बघ." तू खिडकीपासून हलली नाहीस. वर्ग एकमेकांच्या वह्या ओढून बघायला लागला. पॅराबोलावाले सरळ रेषेवाल्यांना विचारत होते, तुमचं आत, मधल्या पायऱ्यांत, काय आलं, आमचं तर वेगळंच होतं सगळं. आतलं सगळं वेगळं होऊन उत्तर तेच कसं, या प्रश्नावर तो वर्ग आपणहून आला. तेव्हा कुठे तू फळ्यावर लिहिलंस, एक्सचा वर्ग गुणिले वाय. शेवटाला किंमत एक, सुरुवातीला शून्य. वजा केलंस आणि खडू ठेवलास.

मागून एक मुलगी कळवळून म्हणाली, "मॅडम, हे आधी का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू असं विचारलं असतंस का?" तू म्हणालीस.

दुसऱ्या दिवशी तू त्यांना ग्रेडियंट नसलेलं क्षेत्र दिलंस, आणि सरळ रेषेवरून शून्य आलं, पॅराबोलावरून एक-तृतीयांश. मुलं हिरमुसली. एकानं विचारलं, "मग कालचं खोटं होतं का?" तू खूश होऊन स्टाफरूममध्ये आलीस. त्या दिवशी मी सूत्र आधी द्यायचा हट्ट सोडला. पुस्तकात तुझाच क्रम आहे.

पण उदाहरणावर मी हट्ट सोडला नाही.

इंग्रजी पुस्तकांत बर्फावरून घसरणारी पेटी असते. आपल्या मुलांनी बर्फ पाहिला तो रसवंतीवर. मला वाटलं, त्यांच्या डोळ्यांसमोरचं काहीतरी हवं. मी कच्चं लिहून आणलं आणि तुला वाचून दाखवलं. ऊस तोडणारी बाई मोळी डोक्यावर घेऊन फडातून ट्रककडे निघते. ट्रकपर्यंत तीन वाटा आहेत, एक सऱ्यांमधून आडवी, एक बांधावरून, एक गाडीवाटेनं वळसा घालून. ट्रकला लावलेल्या फळीवरून ती वर चढते. गुरुत्वाकर्षणाविरुद्धचं कार्य तिन्ही वाटांनी काढा.

तू दाराकडे बघितलंस. हॉलमध्ये मावशी मेथी निवडत होत्या. तू आवाज खाली आणलास.

"हे नको."

"का? आपल्या मुलांना याहून ओळखीचं काय आहे?"

"ओळखीचं आहे म्हणूनच नको."

"उत्तर बरोबर आहे, सुजाता."

"बरोबर आहे ते मला माहीत आहे. तिन्ही वाटांनी तेवढंच. सपाट रानातलं चालणं शून्य. आणि संध्याकाळी बाई कोपीत परत आली की तिच्या स्वतःच्या अंगावरचं दिवसभराचं कार्य पुन्हा शून्य, कारण निघाली तिथंच येऊन पोचली." पाचटाच्या झोपडीला तू नेहमी कोपीच म्हणायचीस. त्या शब्दाला तू कधी दुसरा शब्द शोधला नाहीस.

"शून्य ते गुरुत्वाकर्षणाचं. स्नायूंचं, घर्षणाचं वेगळं. आपण तळटीप देऊ."

"ती तळटीप तुझ्यासाठी आहे," तू म्हणालीस.

मला लागलं ते. मी सावेडीतल्या बंगल्यात वाढलेली, माझे वडील बँकेत. तुझे आईवडील दरवर्षी दिवाळीनंतर जामखेडकडून निघून बेलापूरच्या बाजूला ऊस तोडायला जायचे आणि तू जामखेडच्या वसतिगृहात राहायचीस. हे मला माहीत होतं, आणि मला ते माहीत आहे हे तुला माहीत होतं. तरी मी बोललेच. म्हणाले, "तिकडून आलेल्या एखाद्या मुलीला विज्ञानाच्या पुस्तकात तिच्या आईची मोळी दिसेल. आजपर्यंत कुठल्या पुस्तकात दिसली का?"

"दिसेल," तू म्हणालीस. "आणि खाली उत्तर दिसेल."

मग आपण चहा घेतला आणि पुढच्या प्रकरणाकडे वळलो. पण ती जागा पुस्तकात तशीच राहिली. मी तिथं पेन्सिलनं 'मोळी?' असं लिहायचे आणि तू दर वेळी खोडायचीस. कधी मी जाताना लिफ्टपाशी तो विषय काढायचे, कधी तूच कॉलेजच्या पार्किंगमध्ये स्कूटर चालू करता करता म्हणायचीस, "आणि ते मोळीचं डोक्यातून काढ." आपण दोघी त्याची चेष्टा करायला लागलो होतो. तरी तुझ्या नकारात काहीतरी घट्ट होतं, ते चेष्टेनं सैल होत नव्हतं.

मग तुझे रिपोर्ट आले. त्याबद्दल मी लिहिणार नाही. तुला आवडायचं नाही आणि मला जमायचं नाही. एवढंच सांगते, की केमोच्या दुपारी मी तुझ्याजवळ बसायचे त्या मला आता जास्त आठवतात, रविवारांपेक्षाही. बाटलीतलं औषध थेंबाथेंबानं उतरायचं आणि तू मला प्रकरणाची कच्ची पानं वाचायला लावायचीस. डोळे मिटून ऐकायचीस. चूक आली की डोळे न उघडताच बोट वर करायचीस. पलीकडच्या खाटेवरच्या बाईंनी एकदा विचारलं, "पोथी का हो?" तू म्हणालीस, "तसंच काहीतरी."

अशाच एका दुपारी मी त्या रिकाम्या जागेपाशी थांबले. म्हणाले, इथं काहीतरी घालावं लागेल. तू डोळे उघडले नाहीस. मला वाटलं झोप लागली.

"नववीत होते मी," तू म्हणालीस. थकलीस की तुझी बोली परत यायची, 'होते'चं 'हुते' व्हायचं, मग तुझं तुलाच लक्षात यायचं आणि तू नीट करायचीस. "कार्य आणि ऊर्जा हा धडा नुकताच झाला होता. पुस्तकात हमालाचं उदाहरण होतं. डोक्यावर ओझं घेऊन सपाट जमिनीवर चालला तर कार्य शून्य. मला ते फार आवडलं. सगळ्यांना वाटतं खूप काम झालं आणि विज्ञान म्हणतं शून्य, ही केवढी गंमत. सुट्टीत फडावर गेले तेव्हा मी आईला सांगितलं. ती पीठ मळत होती. मी म्हणाले, आई, तू दिवसभर मोळी घेऊन चालतेस ना, ते पुस्तकात शून्य धरतात. ती म्हणाली, शून्य म्हंजी? मी म्हणाले, म्हंजी काहीच न्हाई."

या वेळी तू बोली नीट केली नाहीस.

"ती बरं म्हणाली आणि मळत राहिली. दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर फडात गेले. ती मोळी घेऊन पुढे, मी मागे. मी सारखी बोलत होते. तिनं एकदाही उत्तर दिलं नाही. ट्रकपर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. तिनं मान वळवून बघितलं पण नाही. तेव्हा मला कळलं मी काय बोलले होते."

"मग विचारलं नाहीस तिला कधी?"

"काय विचारू? ती 'न्हाई गं' म्हणेल. आणि मला खरं वाटणार नाही."

इतक्या वर्षांत तू पीएचडी केलीस, घर घेतलंस, वडील गेल्यावर आईला इथं आणलंस, तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेण्यापासून दूधवाल्याशी भांडण्यापर्यंत सगळं दोघी एकत्र करत होतात. आणि ही एवढी गोष्ट मधे तशीच होती. मला त्या दिवशी तुझा हात धरावासा वाटला, पण त्याला सुई लावलेली होती. मी तुझ्या पायावरचं पांघरूण सारखं केलं. तू म्हणालीस, "वाच पुढे."

तू गेलीस त्या सकाळी मी घरी चहा करत होते. तुझ्या भावाचा फोन आला आणि मी गॅस बंद करायला विसरले, एवढंच लक्षात आहे. दुपारी भंते आले. त्रिशरण सुरू झालं तेव्हा मला शब्द येत नव्हते, मी नुसते हात जोडून उभी होते. मावशींचा आवाज मात्र सगळ्यांत वर होता, स्पष्ट, एकेक शब्द पूर्ण. मला वाटलं होतं त्या कोसळतील. नंतर म्हणाल्या, "वंदना तर नीट व्हायला पायजे. तिला अर्धवट केलेलं आवडत न्हाई."

पुस्तक अर्धवट राहू देणं मलाही शक्य नव्हतं. प्रकाशकाला पानं द्यायची होती आणि सगळं पूर्ण होतं, ती एक जागा सोडून. मी पुष्कळ विचार केला. मनातून मला अजून तेच उदाहरण हवं होतं. तू नाही म्हणाली होतीस, पण तुझं कारण आता मला ठाऊक होतं, आणि ते कारण ज्या व्यक्तीशी निगडित होतं ती व्यक्ती तुझ्या हॉलमध्ये बसलेली होती. तू मला कुणाला सांगू नको असं म्हणाली नव्हतीस. बरोबर केलं की नाही ते मला अजून कळलेलं नाही, पण मी गेले.

मावशी गॅलरीत बसल्या होत्या. तुझ्या कुंड्यांना पाणी घालून झालं होतं. मी त्यांना पुस्तकाबद्दल सांगितलं, मोळीच्या उदाहरणाबद्दल सांगितलं, आणि मग नववीच्या सुट्टीतलं सांगितलं. शक्य तितकं तुझ्याच शब्दांत. त्या पदर हातात धरून ऐकत होत्या.

"शून्य म्हनली व्हय?" त्या म्हणाल्या. "म्हनली असंल. शिकत हुती ना. सुट्टीला आली की रोज काय काय सांगायची. चंद्र उजेड दुसऱ्याचा घेतो म्हनायची. मला सगळं कुठं आठवतं?"

"दुसऱ्या दिवशी तुम्ही तिच्याशी बोलला नाहीत म्हणाली."

"फडात?"

"हो. ती मागे चालत बोलत होती आणि तुम्ही उत्तरच दिलं नाहीत. मान वळवून बघितलं पण नाही."

मावशींनी माझ्याकडे जरा नवलानं पाहिलं.

"नीलाबाई, डोक्यावर मोळी असली की कुनी बोलतं का? मान हालती. मान हालली की मोळी घसरती. आमी कुनीच बोलत न्हवतो. ही बोलायची मागनं, चिमनीवानी. मला लई बरं वाटायचं. वाट सरायची."

खाली रस्त्यावर रिक्षा थांबली, कुणीतरी उतरलं, गेट वाजलं. मावशी कुंडीतल्या वाळक्या पानाला हात लावत म्हणाल्या, "मला इचारायचं तर. सांगितलं असतं की."

सुजाता, तुला वाटलं होतं की ती 'न्हाई गं' म्हणेल आणि तुला खरं वाटणार नाही. ती तसं म्हणालीच नाही. तिनं मानेचं सांगितलं. ते ऐकून तुला खरं वाटलं असतं, याची मला खात्री आहे. मला तेव्हापासून या गोष्टीचं दुःख जास्त आहे की समाधान, हे ठरवता येत नाही. सकाळी एक वाटतं, कॉलेजातून परत येताना दुसरं. तू ज्याला तिचा राग समजत होतीस त्या वेळी ती मन लावून तुझं बोलणं ऐकत होती. हे तुला सांगायला मी फार उशिरा पोचले. पण निदान ते आहे. कुणातरी एकीला ते आता माहीत आहे.

थोड्या वेळानं मी विचारलं, "मग मावशी, घालू का मोळीचं उदाहरण? तुम्हाला चालेल?"

"तिचं काय म्हननं हुतं?"

"ती नको म्हणत होती."

"मग नको."

"पण तिला जे वाटत होतं ते तसं नव्हतंच. आता नको म्हणायला कारण उरलं नाही."

"कारन ऱ्हाऊ द्या न्हाईतर जाऊ द्या. तिचं पुस्तक हाय. तिनं नको म्हनलं." आणि मग मला वाईट वाटलं असेल असं वाटून त्यांनी विचारलं, "दुसरं काय घालता येत न्हाई का?"

येतं. मी तिथं चांदबीबी महालाचा डोंगर घातला. आठवतं, तुझ्या गुडघ्यांनी तक्रार सुरू करायच्या आधी आपण सकाळी तिकडे जायचो. मी पायवाटेनं चढायचे आणि तू गाडीरस्त्यानं, वळणं घेत, वाटेत भेटेल त्या प्रत्येकाशी बोलत. मी वर पोचून तुझी वाट बघायचे. एकदा तू धापा टाकत आलीस तेव्हा मी म्हणाले, "एवढं लांबून येऊन काय मिळालं? गुरुत्वाकर्षणानं दोघींकडून सारखंच काम करून घेतलं." तू पायरीवर बसलीस, पाणी प्यायलीस आणि म्हणालीस, "चुकलं. माझं वजन तुझ्यापेक्षा जास्त आहे. उत्तर सारखं कसं येईल?" गणित लिहिताना मी दोघींचं वजन सारखं धरलं आहे. मुलांना सोपं जावं म्हणून. तू मनाविरुद्ध मान्य केलं असतंस.

तरीही मी तुला सांगते, मला अजून वाटतं की मोळी पुस्तकात यायला हवी होती. शून्य उत्तरासकट, आणि त्याच्या पुढच्याच पानावर मानेचं, पायांचं, सरीतल्या ढेकळांचं वेगळं गणित मांडून, जिथं वाट बदलली की उत्तर बदलतं. तू म्हणाली असतीस, ते पान वाचायच्या आधीच मुलांनी शून्य वाचलेलं असेल. मग मी म्हणाले असते की मुलांना आपण समजतो त्यापेक्षा जास्त कळतं. मग तुझी ती थंड नजर. मला आता दोन्ही बाजू बोलाव्या लागतात. तुझ्या बाजूचे मुद्दे माझ्याकडून नीट मांडले जात नाहीत असा मला संशय आहे, कारण अलीकडे माझीच बाजू वरचढ होते, आणि असं आधी कधी होत नव्हतं.

मी मावशींकडे रविवारी जाते. त्या मला भाजी निवडायला देतात. तुझ्या भावानं त्यांना पुण्याला चला म्हटलं तर म्हणाल्या, बघू. दर रविवारी त्या पुस्तक कधी येणार ते विचारतात. आलं की कुठं ठेवायचं ती जागा त्यांनी टीव्हीखालच्या कपाटात रिकामी करून ठेवली आहे.

गेल्या आठवड्यात प्रकाशकाचा फोन आला. मुखपृष्ठाचं काम चाललं होतं. त्यानं अडखळत विचारलं, "मॅडमच्या नावाआधी कै. लावू का?" मी म्हणाले, त्यांच्यात तसं लिहीत नाहीत. "मग कालकथित लिहू? तसं लिहितात ना?" तो चांगला माणूस आहे, मनापासून विचारत होता. मी म्हणाले, "काही लावू नका. दोघींची नावं एका मापाच्या अक्षरात येऊ द्या." तो म्हणाला, "पण वाचणाऱ्याला कळायला नको?" मी विचारलं, "काय कळायला हवं?" त्यानं तो विषय सोडला. मग त्यानं शेवटचं विचारलं, कुणाचं नाव आधी.

वर्णानुक्रमे माझं आधी येतं. तू तसंच कर म्हणाली असतीस. नियम आहे तर नियम, असं म्हणून विषय संपवला असतास, मी ऐकलं नसतं आणि आपण अख्खा रविवार त्यावर घालवला असता. मी तुझं नाव आधी सांगितलं. त्यानं लिहून घेतलं, "बरं मॅडम" म्हणाला आणि फोन ठेवला. इतक्या सहज जिंकायची मला सवय नाही.